तेवीस निकषांचं घर

२ मार्च १९९७, रविवार

ठरलं. ऑगस्टअखेर स्वतःचं घर.

सनीव्हेलच्या या अपार्टमेंटचं लीज एकतीस ऑगस्टला संपतं. शाळा तीन सप्टेंबरला सुरू होते. हातात सहा महिने. ऑफिसात अख्खी चिप डिझाइन करायला याहून कमी वेळ देतात.

घर दुय्यम. आधी स्कूल डिस्ट्रिक्ट. जिथली शाळा चांगली, त्या हद्दीत घर घ्यायचं, हे इथलं शास्त्र आहे. उमेदवार दोन: अ आणि ब. अ डोंगराच्या बाजूला, ब रेल्वेलाइनच्या पलीकडे. खरी नावं लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागली तर दोन्हीकडचे भाव वाढतील.

संघमित्राला निर्णय सांगितला. ती हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकतीच आली होती, बूट काढत होती. बरं, म्हणाली. मैत्रीलाही सांगितलं. नऊ वर्षांची आहे, चौथीत. तिने विचारलं, न्यू स्कूल? अगेन? म्हटलं, बेटर स्कूल. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मुलांना आनंद लगेच दाखवता येत नाही.

९ मार्च, रविवार

तक्ता तयार. निकष तेवीस. प्रत्येकाला भारांक. टेस्ट स्कोअर, एका शिक्षकामागे मुलं किती, लायब्ररीतली पुस्तकं, कॉम्प्युटर, ग्राउंड, छप्पर गळतं का. बेरीज बरोबर शंभर.

रचना निर्दोष आहे. आता फक्त आकडे भरायचे.

संघमित्राने मागून वाकून पाहिलं. मैत्रीच्या आताच्या शाळेचा रकाना कुठे आहे, म्हणाली. समजावलं. ती शाळा आपण निवडलेली नाही, अपार्टमेंटबरोबर मिळालेली आहे. न शोधता मिळालेल्या गोष्टी तुलनेत धरत नाहीत. ती म्हणाली, मैत्री तरी कुठे शोधून मिळाली होती?

विषयांतर.

प्रिंटरला जागा नव्हती. मैत्रीच्या खोक्यावर ठेवला. ह्यूस्टन सोडताना तिने तो स्वतः भरला होता. वर मार्करने लिहिलंय: मैत्री, डू नॉट ओपन. न्यू जर्सीत उघडला नाही. इथे येऊन दोन वर्षं होतील, इथेही नाही. परत बांधावाच लागणार ना, म्हणते. उंची मात्र प्रिंटरला नेमकी आहे.

१३ मार्च, गुरुवार

अर्धा दिवस रजा. अ डिस्ट्रिक्टचं ऑफिस. बरोबर फाइल: मैत्रीचा जन्मदाखला, आजवरच्या तिन्ही शाळांची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड, माझ्या पदव्या. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स.

काउंटरवरच्या बाईंना गेल्या वर्षीचा कट-ऑफ विचारला. त्यांना प्रश्न कळला नाही. सोपा करून विचारला, शेवटचं मूल किती टक्क्यांना घेतलं? त्या म्हणाल्या, तुम्ही राहता कुठे? म्हटलं, ते अजून ठरायचंय. त्यांनी एक जाडजूड बाइंडर थोपटला. म्हणाल्या, यात प्रत्येक रस्ता आहे, घर घेण्याआधी फक्त नंबर आणि रस्ता फोनवर सांगा, एका मिनिटात उत्तर देते.

फाइल उघडूनसुद्धा पाहिली नाही. कारकुनांना धोरणाची माहिती नसते, हे जगभर सारखंच.

निश्चय: घर घेण्याआधी फोन करणे.

२५ मार्च, मंगळवार

प्रत्यक्ष पाहणीला पर्याय नाही. दुपारी ब च्या एका शाळेसमोर गाडी लावून बसलो. शाळा सुटताना किती मुलांच्या हातात पुस्तक आहे, ते मोजत होतो. एकशे बाराव्या मुलापाशी काचेवर टकटक झाली. पोलीस.

काय चाललंय, म्हणाला. वही दाखवली. त्याने ती उलटी धरून पाहिली, मग सुलटी. तेवीस निकष इंग्रजीत समजावून सांगायला घेतले. दहाव्याला त्याने हात वर केला. त्याची स्वतःची दोन मुलं ब मध्ये आहेत. शाळा ठीक आहे सर, म्हणाला, पण पुन्हा इथे बसू नका.

'स्थानिक पालकांचं मत' या निकषात ब ला दहापैकी सात.

१३ एप्रिल, रविवार

जयंतीचा कार्यक्रम. कम्युनिटी सेंटरचा हॉल. साठ-सत्तर जण, काही तर सॅक्रामेंटोहून आलेले. मला शिक्षण या विषयावर पाच मिनिटं दिली होती. या विषयाला पाच मिनिटं पुरत नाहीत हे आयोजकांच्या लक्षात यायला हवं होतं. ट्रान्सपरन्सी अकरा. चाळीस मिनिटं बोललो. इतकी शांतता, की मागे कोणीतरी भाताचं पातेलं उघडून पाहिलं तेही ऐकू आलं.

तक्त्याच्या चाळीस प्रती वाटल्या. त्यांवर डिस्ट्रिक्टची खरी नावं होती, आपल्याच लोकांपासून काय लपवायचं. एकही उरली नाही. दोन-तीन प्रतींवर नंतर गुलाबजाम ठेवलेले दिसले. अपवाद.

मुलांचे कार्यक्रम वेळेअभावी कॅन्सल झाले. मैत्री रेकॉर्डर, म्हणजे इथल्या शाळेतली प्लॅस्टिकची बासरी, वाजवणार होती. शाळेत शिकवलेली धून, महिनाभर बाथरूममध्ये दार लावून वाजवत होती, तिथे आवाज चांगला येतो म्हणून. परतताना गाडीत बोलली नाही. संघमित्राही बोलली नाही. भाषण आत उतरलं की असं होतं.

राजेश मात्र पार्किंगपर्यंत सोडायला आला. माझ्याच कंपनीत आहे, अकोल्याचा. लहूदादा, हा तक्ता म्हणजे सोनं आहे यार, म्हणाला. फ्लॉपी मागितली. दिली.

२७ एप्रिल, रविवार

सहा घरं पाहिली. एजंट डॉना नावाची बाई आहे. उत्साही, पण घाई करते.

मैत्री गाडीतून उतरत नाही. पुस्तक वाचत बसते. प्रत्येक घरापाशी विचारतो, येतेस का? आय कॅन सी इट फ्रॉम हिअर.

अ मध्ये एक पिवळं घर. संघमित्रा स्वयंपाकघरात गेली, खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मागच्या अंगणात लिंबाचं झाड. डॉना म्हणाली, आजच ऑफर टाका. पण अ च्या ग्राउंडची माझ्याकडची आकडेवारी तीन वर्षांपूर्वीची आहे. जुन्या आकड्यांवर घर घ्यायचं का? दोन आठवडे मागितले.

गाडीत संघमित्रा म्हणाली, ग्राउंड काय पळून जाणार आहे? नेमका माझा मुद्दा. घरही जाणार नाही.

१० मे, शनिवार

पिवळं घर गेलं.

कोणी घेतलं ते सांगता येत नाही, डॉना म्हणाली. दुपारी राजेशचा फोन आला. दादा, पेढे खायला या. तक्ता पाहिला, अ ला दशांश चारची आघाडी दिसली, दोन तासांत ऑफर टाकली, म्हणाला. तुमचे उपकार आहेत.

माझ्या पद्धतीचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा. संघमित्राला तसं म्हटलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, तुमच्या पुराव्याच्या अंगणात लिंबाचं झाड होतं.

बाबासाहेबांचा फोटो दोन वर्षं पुस्तकांच्या शेल्फला टेकून उभा आहे. भाड्याच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असं मी ठरवलंय. स्वतःच्या घरात पहिला खिळा त्यांचा. आज तो फोटो पुसला. काच आणि फ्रेमच्या मध्ये धूळ गेलीय, निघत नाही.

२३ मे, शुक्रवार

नागपूरहून बाबूजींचं पत्र.

बाबूजी बत्तीस वर्षं टपाल खात्यात सॉर्टर होते. नागपूरच्या इंदोऱ्यात आमच्या घरी पाढ्यांच्या आधी पिन कोड शिकवले जात. पत्त्यातलं गाव बरोबर असेल तर पत्र पोचणारच, माणूसही पोचणारच, असं ते सांगत. मी इथवर पोचलो त्यात याचा मोठा वाटा आहे.

तक्ता त्यांना मतासाठी पाठवला होता. एरोग्रामवर उत्तर चार ओळींचं. तक्ता मिळाला. छपाई सुबक आहे. यात मैत्रीचा रकाना कुठे आहे? प्रकृतीस जपणे.

वयाप्रमाणे त्यांना रचना नीट कळलेली नाही. तरी मान ठेवला. 'छप्पर गळतं का' काढून तिथे 'विद्यार्थ्याची पसंती' घातलं. भारांक दोन. निकष तेवीसच राहिले.

लगेच मैत्रीला विचारलं, अ ला दहापैकी किती, ब ला किती? तिने विचारलं, कॅन आय गिव्ह टेन टू माइन? म्हटलं, ती तक्त्यात नाही. देन झीरो अँड झीरो.

दोन्हींना सारखे गुण, त्यामुळे निकालावर परिणाम नाही.

१ जून, रविवार

राजेशचं नवं घर. वंदना झाली, मग जेवण. त्याची बायको सुवर्णा वाढत होती. सगळ्यांसमोर म्हणाली, भाऊजी, तुमच्या तक्त्याने आमचं घर झालं, आता तुमच्या घरासाठी कोणाचा तक्ता आणायचा? सगळे हसले. मीही हसलो. संघमित्रा सगळ्यांत जास्त वेळ हसली.

पण जेवणानंतर तीन कुटुंबांनी मला कोपऱ्यात घेऊन सल्ला विचारला. एकाने तर कागदावर सही मागितली. ती तक्त्याची प्रत होती. म्हणजे लोक जपून ठेवतात.

स्वयंपाकघराची ती खिडकी उघडीच होती. लिंबाचा वास आत येत होता. त्याकडे लक्ष दिलं नाही.

डॉना म्हणते, अ आणि ब मध्ये इंडियन फॅमिलींची गर्दी अचानक वाढलीय, प्रत्येक घरावर पाच-सहा ऑफर्स, कोणीतरी लिस्ट वाटलेली दिसते.



१२ जून, गुरुवार

शाळेचा शेवटचा दिवस. मैत्रीला आणायला मी गेलो. वर्षभराची चित्रं, मातीचा एक बेडूक, रेकॉर्डर, सगळं एका पिशवीत. टीचरने विचारलं, पाचवीत भेटू ना? म्हटलं, नाही, आम्ही चांगल्या डिस्ट्रिक्टमध्ये जातोय. टीचर म्हणाली, ओ.

थुई नावाची एक व्हिएतनामी मुलगी आहे. दोन वर्षं दोघी एकत्र असतात. तिने मैत्रीला एका कागदावर स्वतःचा फोन नंबर लिहून दिला. मैत्रीला तो पाठ आहे. तरी तिने कागद घेतला आणि चार घड्या घातल्या.

गाडीत समजावलं. नवीन शाळेत आठवडाभरात नव्या मैत्रिणी होतात. ती खिडकीकडे बघत म्हणाली, दॅट्स व्हॉट यू सेड इन न्यू जर्सी.

स्मरणशक्ती उत्तम आहे. टेस्ट स्कोअरला उपयोगी पडेल.

२९ जून, रविवार

आज अ ८१.४, ब ८१.६. काल उलटं होतं.

ब मधलं एक बरं घर होतं. फरक फक्त दशांश दोनचा, एवढ्यावर निर्णय घेणं बेजबाबदारपणाचं ठरेल म्हणून तीन दिवस मागितले. दुसऱ्या दिवशी गेलं. कोणी घेतलं ते विचारलं नाही.

जेवताना उठलो, छप्पर परत तक्त्यात घातलं. बेरीज एकशे दोन आली. छप्पर काढलं. परत येऊन बसलो तर ताट उचललेलं होतं. बाहेर पडलो. अ ला एक फेरी, ब ला एक फेरी, पुन्हा अ. चौऱ्याण्णव मैल. सगळीकडे लॉनवर पाणी फवारणं चालू होतं. कुठेच उतरलो नाही.

निश्चय: शांत डोक्याने विचार करणे.

७ जुलै, सोमवार

अपार्टमेंटच्या ऑफिसची चिठ्ठी दाराखाली. लीज वर्षभरासाठी वाढवा नाहीतर एकतीस ऑगस्टला जागा सोडा. महिन्याभरासाठी राहता येणार नाही.

संघमित्राने चिठ्ठी फ्रिजवर लावली. म्हणाली, हे बघा, तक्ता तुमचा आहे, पण पोरगी दोघांची आहे. तिची ही चौथी शाळा होईल, पाच वर्षांत. मी काहीच म्हणत नाही, फक्त आठवण करून देते.

आठवण करून द्यायची गरज नव्हती. मी हे सगळं तिच्यासाठीच करतोय. आणखी कोणासाठी?

१२ जुलै, शनिवार

मिळालं.

डॉनाच्या यादीत अगदी शेवटी होतं. लहान रस्ता, रस्त्यात जुन्या बागेतली दोन जर्दाळूची झाडं उरलेली, घरामागे सिमेंटने बांधलेला ओढा. पत्त्यात गावाचं नाव: अ. मेलबॉक्सवर स्वतः वाचलं. तेवढ्यात पोस्टमन आला, त्यालाही विचारलं. हा सगळा रस्ता अ च्या पोस्टातूनच येतो, म्हणाला. याहून अधिकृत काय असणार?

मैत्री गाडीतून उतरली. एप्रिलपासून पहिल्यांदा. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि पळत परत आली. बाबा, थुई लिव्ह्ज हिअर! थर्ड हाउस! थुईच निघाली. तिची सायकल लॉनवर पडलेली होती. दोघी ओरडत होत्या.

अ डिस्ट्रिक्टमध्ये राहून मुलीला आपल्या त्या साध्या शाळेत का पाठवत असतील? तिच्या आईवडिलांना नियम माहीत नसणार. नवे लोक. एक प्रत त्यांना देणे.

संघमित्रा मागे जाऊन ओढा पाहून आली. डॉनाकडून कागद घेऊन घराचा नंबर आणि रस्ता लिहून घेतला. मग म्हणाली, हे घ्यायचं.

घेऊ या का, असं विचारलं नाही. घ्यायचं, म्हणाली. पद्धत अखेर पटली.

१५ जुलै, मंगळवार

ऑफर मान्य. दुसरी ऑफरच नव्हती. अ मध्ये, आणि एवढ्या कमी भावात! बाजाराच्या नजरेतून निसटलेलं घर. डॉना म्हणाली, शाळेचं तुम्ही बघितलंच असेल. म्हटलं, चार महिने तेच बघतोय.

संध्याकाळी संघमित्रा म्हणाली, शाळेच्या ऑफिसला मी फोन केला होता, सगळं ठीक आहे. सुट्ट्यांचं वगैरे असेल. माझा एक फोन वाचला.

राजेश म्हणाला, दादा, शेवटी अ च ना? म्हटलं, शेवटी अ.

२८ जुलै, सोमवार

सह्या. कागद इंचभर जाडीचे. चौदाव्या पानावर एक ओळ होती: शाळेच्या हद्दीची खात्री खरेदीदाराने स्वतः करून घ्यावी. शेजारी आद्याक्षरं करायची होती. तेवीस निकषांवर खात्री केलेला खरेदीदार त्यांना आजवर भेटला नसेल. ठळक अक्षरात केली.

संघमित्रानेही केली. पेन परत देताना माझ्याकडे बघून म्हणाली, वाचलंत ना? म्हटलं, अर्थात.

२३ ऑगस्ट, शनिवार

सामान हलवलं. राजेश व्हॅन घेऊन आला. मैत्रीचा खोका तो उचलायला गेला तर तिने उचलू दिला नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरून स्वतः आत नेला. प्रिंटर तात्पुरता जमिनीवर ठेवलाय.

पहिला खिळा. भिंतीचा मध्य काढायला टेप शोधत होतो. तीन खोकी उघडली. परत आलो तर संघमित्रा स्टुलावरून उतरत होती, हातात हातोडी. फोटो लागलेला. थोडा डावीकडे आहे. सांगितलं तसं. ती म्हणाली, दोन वर्षं जमिनीवर होता तेव्हा कुठे मध्यावर होता?

२५ ऑगस्ट, सोमवार

अ चं ऑफिस. तीच फाइल, त्याच बाई. या वेळी पत्ता सांगितला. अभिमानाने सांगितला.

त्यांनी बाइंडर उघडला. रस्ता सापडला. बोट आडवं सरकत गेलं आणि थांबलं. म्हणाल्या, हा आमच्याकडे नाही. म्हटलं, पत्त्यात गाव तुमचं आहे. म्हणाल्या, गाव पोस्टाचं. पोस्टाची रेघ वेगळी, शाळेची रेघ वेगळी. आमची ओढ्यापर्यंत येते. तुम्ही ओढ्याच्या अलीकडे.

म्हटलं, माझे वडील बत्तीस वर्षं टपाल खात्यात होते. त्या म्हणाल्या, हाऊ नाइस.

मग ब? ब ही नाही. तिसऱ्या डिस्ट्रिक्टचं नाव सांगितलं आणि शाळेचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी गाडीत बसून वाचली. ते नाव गेली दोन वर्षं मी रोज सकाळी मैत्रीच्या डब्याच्या पिशवीवर वाचत आलोय.

गाडी बराच वेळ सुरू केली नाही. पार्किंगमध्ये एक बाई तीन मुलांना घेऊन आली, पायऱ्या चढून आत गेली, पाच मिनिटांत बाहेर आली. एवढंच काम असतं.

घरी संघमित्रा परसात उभी होती. सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, नाव नव्याने घालायचं नाही, फक्त पत्ता बदलायचा होता, मागच्या गुरुवारी बदलून आले. म्हटलं, तुला माहीत होतं. म्हणाली, सांगितलं होतं तुम्हाला, फोन केला म्हणून. कुठल्या शाळेला, ते तुम्ही विचारलं नाही.

वही मागे उलटून पाहिली. पंधरा जुलै. सांगितलं होतं.

बाबूजींना अजून कळवलेलं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी पावणेआठला थुई दारात. दोघी चालत निघाल्या. मी थोडं मागे राहून गेलो, रस्ता नीट आहे का बघायला. मोठ्या रस्त्याच्या क्रॉसिंगवर लाल स्टॉपची पाटी घेतलेली म्हातारी बाई असते, ती गेल्या वर्षीचीच. तिने लांबूनच हाक मारली, मैत्री! यू आर वॉकिंग नाऊ! नाव बरोबर उच्चारलं. ऑफिसात माझं अजून कोणाला जमत नाही. मैत्रीने मागे वळून पाहिलं नाही. घाईत होती.

परत आलो. आज रिसायकलिंगचा ट्रक येतो. दारापुढे चपटा केलेला पुठ्ठा सुतळीने बांधून ठेवला होता. वर मार्करने लिहिलेलं, मध्ये घडी पडलेली: डू नॉट ओपन. त्याच्या खाली माझ्या तक्त्याच्या प्रती, त्याच सुतळीत.

तिच्या खोलीत डोकावलो. शेल्फवर ह्यूस्टनच्या वर्गाचा फोटो, एक शंख, कान तुटलेला कापडी ससा, मातीचा बेडूक. ससा मी ओळखला. न्यू जर्सीत हरवला असं समजून आम्ही दुसरा आणून दिला होता.

ऑफिसात राजेश क्यूबिकलपाशी आला. दादा, सुवर्णाच्या बहिणीला घर घ्यायचंय, तुमचा तो तिसरा डिस्ट्रिक्ट कसा आहे? म्हटलं, क्रॉसिंगवरची बाई मुलांना नावाने ओळखते. तो थांबला. आणि? म्हणाला. म्हटलं, आणि अजून गोळा करतोय.

संध्याकाळी तक्ता उघडला. तिसरा रकाना घातला: क. आकडे भरायला बसलो. माहीत असलेला आकडा एकच निघाला. विद्यार्थ्याची पसंती: दहा. भारांक दोन. बाकीच्या बावीस निकषांपुढे काय लिहायचं ते सुचेना. बेरीज मागितली. अ ८१.४, ब ८१.६, क २.

प्रिंट काढायला उठलो. प्रिंटर जमिनीवर आहे. वाकावं लागतं.

राहू दिलं.